कंच्या गेटावर असतोस?

गेल्या दिवाळीत दिवा-रोहा गाडीने घरी आलो. स्टेशनातून वस्तीत शिरतो तर नळावर शेजारची मावशी कळशी भरत बसलेली. "काय रं, काय करतंस आता मुंबयला?" म्हटलं, "मावशी, सायबर सिक्युरिटीत एम.टेक. करतोय." मावशीचा चेहरा उजळला. "शिक्युरिटीत लागलास? बरा झाला. कंच्या गेटावर असतोस? रातपाली का दिसाची?"

नळावरची पोरं फिदीफिदी हसली. मीही हसलो. रात्री मात्र डोळ्याला डोळा लागला नाही. मावशीचं चुकलं काय? तिचा थोरला धाटावच्या एमआयडीसीत एका केमिकल कंपनीच्या गेटावर उभा असतो. धाकटा पनवेलला एका टॉवरखाली. निळा ड्रेस, शिट्टी, दंडुका, बारा तास, आणि कंत्राटदार पगारातून ड्रेसचेही पैसे कापतो. आमच्या वस्तीत सिक्युरिटी या शब्दाचा अर्थ एवढाच आहे. माल दुसऱ्याचा आणि त्याच्यापुढं उभा केलेला देह आपला. आणि हे काय आजचं आहे? गावगाड्यात आपल्या बापजाद्यांकडं वेसकरकी होती. रातभर वेशीवर जागायचं, गावाची राखण करायची, आणि स्वतः राहायचं वेशीबाहेर. मोबदला म्हणून दारोदार फिरून मागितलेली शिळी भाकर. महार वतनाविरुद्ध बाबासाहेब आयुष्यभर झगडले. १९५८ च्या कायद्याने ही कनिष्ठ गाववतनं खालसा झाली, पण तोवर बाबासाहेब गेलेले होते. वतन गेलं, वेस गेली, ड्युटी तेवढी राहिली.

या अंकाचं संपादकीय तूच लिही, कॉम्प्युटरवर लिही, पोरं विचारतात, असं मित्रांनी सांगितलं. लिहितो. पण जाहिरात लिहिणार नाही. जाहिराती बक्कळ आहेत. तीन महिन्यांत एथिकल हॅकर व्हा, शंभर टक्के नोकरी, हप्त्याची सोय. माझ्या ओळखीच्या दोघांनी आईच्या पाटल्या मोडून असल्या क्लासची फी भरली. त्यातल्या एकाला नोकरी लागली, खोटं कशाला बोलू? नवी मुंबईत लागली. एसओसी म्हणतात त्या जागेला, सिक्युरिटी ऑपरेशन्स सेंटर. थंडगार एसी हॉल आणि भिंतीभर स्क्रीन. राखायचं नेटवर्क अमेरिकेतल्या कुठल्यातरी कंपनीचं, म्हणजे तिकडं दिवस तेव्हा इकडं रात्र. स्क्रीनवर लाल खूण आली की तक्त्यात बघायचं, तिकीट काढायचं, वरच्याकडं पाठवायचं. परत स्क्रीन. या कामाला एल-वन म्हणतात. सहा महिन्यांनी तो मला भेटला तेव्हा डोळे खोबणीत गेलेले. म्हणाला, "च्यायला, बाप गेटावर रातपाळी करायचा, मी एसीत करतो." म्हणजे मावशीने रातपाळी विचारली ती काय उगाच? पोटासाठी कोणी काय करावं हे सांगणारा मी कोण, आणि त्याच्या पगारावर घरातल्या चौघांचं चालतं हेही खरं. पण तो 'वरचा' कोण, हे आपण विचारणार की नाही?

तो वरचा तिकिटं वाचत बसत नाही. तो कुलूप बनवतो. कुलूप कुठं फुटेल याचा विचार करायचे त्याला पैसे मिळतात. त्या खुर्चीपर्यंत जाणारा रस्ता क्लासच्या फ्लेक्सवरून जात नाही, तो गणितातून जातो. ऑपरेटिंग सिस्टीम पोटातून कशी चालते, नेटवर्कवरून पाकीट कसं जातं, संख्याशास्त्र, अंकांचा सिद्धान्त, कूटशास्त्र. एम.एस्सी., एम.टेक. म्हणजे ही दोन वर्षांची झटापट. आणि तिच्या दारात उभी असलेली परीक्षा, तिचं नावच गेट. मावशीला हे सांगितलं असतं तर म्हणाली असती, "त्याच गेटावर गेलास ना मंग?"

एक उदाहरण देतो म्हणजे भीती मोडेल. दोन मोठ्या मूळ संख्या घ्या. त्यांचा गुणाकार करणं सोपं आहे, मशीन चुटकीसरशी करतं. पण नुसता गुणाकार हातात देऊन त्या दोन संख्या हुडकून काढ म्हटलं, तर संख्या पुरेशा मोठ्या असल्या की जगातली मशीनं वर्षानुवर्षं घाम गाळतील. रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन या तिघांनी १९७७ मध्ये एवढ्या गोष्टीवर एक कुलूप बांधलं. त्याला किल्ल्या दोन. एक चव्हाट्यावर टांगायची, तिने कोणीही कुलूप घालावं. दुसरी आपल्यापाशी ठेवायची, उघडतं ते फक्त तिनेच. बँका, पत्रव्यवहार, सरकारी सह्या, सगळीकडं हे कुलूप किंवा याच घराण्यातलं दुसरं एखादं बसलं. रोह्याच्या शाळेत सातवीला आपण मसावि-लसावि घोकले ना, त्याच झाडाची ही फांदी. घोकताना कोण्या मास्तरने सांगितलं नाही की हे पुढं इथं पोचतं.

दुसरी गोष्ट याहून मजेची. १८८३ मध्ये केरखॉफ्स नावाच्या माणसाने फ्रेंच लष्करी नियतकालिकात लिहून ठेवलं की कुलपाची रचना शत्रूच्या हाती पडली तरी बिघडता कामा नये. लपवायची ती फक्त किल्ली. हे ज्या दिवशी शिकवलं त्या दिवशी वर्गात मी एकटाच हसलो. शिकवणाऱ्यांनी विचारलं, काय झालं? काय सांगणार? आपल्याकडं हजारो वर्षं उलटं चाललं. कुलपाची रचनाच कोणाला कळू द्यायची नाही. वाचायचं नाही, ऐकायचं नाही, चुकून कानावर पडलं तर कानात तापलेलं शिसं. ज्या व्यवस्थेला टिकायला दुसऱ्याचं अज्ञान लागतं ती व्यवस्था कच्ची, हे माझं भाषण नाही मित्रांनो, पहिल्या सेमिस्टरच्या सिलॅबसमध्ये आहे. फक्त तिथं ते जातीबद्दल लिहिलेलं नसतं.

पेणहून मुंबई-गोवा रस्त्याने खाली उतरत गेलात की वडखळ, नागोठणे, कोलाड, माणगाव, मग लोणेरे. रोह्याची माणसं कोलाडला रस्त्याला लागतात. लोणेऱ्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ, १९८९ मध्ये स्थापन झालेलं. तिथून आणखी थोडं पुढं गेलं की महाड, चवदार तळं. एका रस्त्यावर कॉम्प्युटर शिकवणारं विद्यापीठ आणि तळं ही दोन्ही आपल्या जिल्ह्यात आहेत आणि आपण दोन्हींकडं वर्षातून एकदा, मार्चमध्ये, बसच्या खिडकीतून बघतो.

कॉम्प्युटर सुरक्षेतला पहिला धडा अॅक्सेस कंट्रोलचा. त्यात दोन प्रश्न असतात. तू कोण? आणि तू जो कोण आहेस त्याला काय करू द्यायचं? हे दोन प्रश्न वेगळे ठेवा, असं पुस्तकात बजावलेलं असतं. मला हे महाडवरून एका दमात कळलं. मुंबई कायदेमंडळात १९२३ मध्ये बोले ठराव झाला, सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये तळं खुलं केल्याचा ठराव केला. कागदावर परवानगी पक्की. आणि २० मार्च १९२७ ला माणसं ओंजळभर पाणी प्यायला गेली तर डोकी फुटली. मग तळ्याचं शुद्धीकरण, मग नगरपालिकेने ठरावच मागं घेतला, मग कोर्टकचेरी, आणि हायकोर्टाचा निकाल लागेपर्यंत १९३७ साल उजाडलं. त्या तळ्यावर ओळख पटत नव्हती असं नव्हतं. ओळख पुरती पटली होती, म्हणून तर परवानगी नाकारली. परवानग्यांचा तक्ता एक लिहिलेला आणि चालवायचा दुसराच, ही गडबड सर्व्हरमध्ये सापडली की तिला त्रुटी म्हणतात आणि शोधणाऱ्याला बक्षीस देतात.

आता अंगठ्याचं सांगतो. हे मला फार दिवस छळतंय.

आपल्या आज्यांनी सावकाराच्या कागदावर अंगठे उठवले, कारण अक्षर येऊ दिलं नव्हतं. त्या अंगठ्यावर जमिनी गेल्या. त्याआधी एकलव्याचा गेला, तो तर तोडूनच. आपण शिकलो, सही करायला लागलो, बाप कौतुकाने दहा जणांना सही दाखवायचा. आणि आता बघा, पुन्हा अंगठा. रेशनला अंगठा, पगाराला अंगठा, बँकेच्या मित्राकडून हजार रुपये काढायचे तर अंगठा. वीटभट्टीवर राबणाऱ्या कातकरी बाईच्या बोटावर रेषा उरतात कुठं? मशीन म्हणतं, ही ती नव्हे. २०१६-१७ च्या सरकारच्याच आर्थिक पाहणीत ओळख न पटण्याचं प्रमाण झारखंडमध्ये ४९ टक्के आणि राजस्थानात ३७ टक्के नोंदलेलं आहे. हे एका बाजूला. दुसऱ्या बाजूला २०१८ मध्ये तेलंगणात एक प्रकरण उघडकीला आलं. जमीन-नोंदणीच्या वेबसाइटवरच्या दस्तांतून अंगठ्यांचे ठसे उचलले, त्यांचे रबरी अंगठे बनवले आणि त्यांवर सिमकार्डं चालू केली. म्हणजे ज्याचा अंगठा खरा त्याला मशीन ओळखत नाही आणि रबरी अंगठ्याला सलाम ठोकतं.

आमच्या मावशीचेच नऊ हजार असे गेले. मेसेज आला, वाचता आला नाही, पोराला दाखवेपर्यंत चार दिवस झाले. बँकेत गेली तर सायबाने सांगितलं, तुमचाच अंगठा लागलाय बाई, आम्ही काय करणार. ती घरी येऊन आपल्या हाताकडं बघत बसली. तिला वाटलं, आपणच कुठं विसरून काढले की काय. पासवर्ड चोरीला गेला तर बदलता येतो. अंगठा बदलता येत नाही, जन्माला येताना मिळालेला तो एकच. जन्माने मिळालेल्या आणि कधी न बदलणाऱ्या गोष्टीवर माणसाचे हक्क टांगून ठेवायचे, ही कल्पना आपल्याला कुठंतरी भेटलेली आहे, नाही? कोणता ठसा कुठं साठवायचा, किती वेळ, चुकलं तर पर्याय काय, हे ज्या टेबलावर ठरतं त्या टेबलाला कूटशास्त्र कळणारा माणूस बसतो. तो मावशीच्या नळावर कधी आलेला नसतो.

चोर नेहमी बाहेरचाच, रात्री काळा टोप घालून येणारा, हेही डोक्यातून काढा. पेणकरांना हे सांगायला नको. पेण अर्बन बँक २०१० मध्ये बुडाली, तेव्हा बाहेरून कोणी तिजोरी फोडलेली नव्हती. बोगस कर्जखात्यांतून शेकडो कोटी गेले आणि ठेवीदार, त्यात भाजीवाल्या, रिक्षावाले, पेन्शनर, वर्षानुवर्षं मोर्चे काढत राहिले. किल्ली ज्याच्या हाती त्याच्यावर नजर कोण ठेवणार, हा आमच्या विषयातला सगळ्यात जुना आणि सगळ्यात अवघड प्रश्न. त्याच्या उलट पुण्याची कॉसमॉस बँक. ११ ऑगस्ट २०१८, शनिवार. चोरांनी बँकेच्या मुख्य यंत्रणेच्या जागी स्वतःचा खोटा होकार बसवला. जगातलं कुठलंही एटीएम विचारायचं, या कार्डावर पैसे आहेत का? खरी बँक गप्प, आणि खोटी यंत्रणा म्हणायची, हो, द्या. २८ देशांतून पैसे निघाले, १३ तारखेला आणखी हाँगकाँगला वळते झाले, एकूण सुमारे ९४ कोटी. २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने अकरा जणांना शिक्षा ठोठावली. यातले बरेचसे कोण? बनावट कार्ड घेऊन एटीएमपुढं रांगेत उभी राहिलेली, कमिशनवर नोटा गोळा करणारी माणसं. ज्याने खोटा होकार लिहिला तो कुठल्या देशात बसला होता देव जाणे. गुन्ह्यातसुद्धा आपल्या वाट्याला गेटावर उभं राहण्याचंच काम आलं म्हणायचं. चोरांची बाजू घेत नाही मी, उतरंड दाखवतोय.

आता ज्या गोष्टीमुळं मी हा विषय सोडायचं ठरवून सोडला नाही ती सांगतो. ३१ डिसेंबर २०१७ ला शनिवारवाड्यावर एल्गार परिषद झाली. दुसऱ्या दिवशी भीमा कोरेगावला आपल्या माणसांवर हल्ला झाला. आणि पुढं अटका सुरू झाल्या त्या लेखकांच्या, वकिलांच्या, प्राध्यापकांच्या. पुरावा काय? कॉम्प्युटरमधल्या फायली. रोना विल्सन यांच्या कॉम्प्युटरची प्रत बोस्टनजवळच्या आर्सेनल कन्सल्टिंग या कंपनीने तपासली आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये अहवाल दिला. नेटवायर नावाचा मालवेअर, जवळपास २२ महिने कॉम्प्युटर दुसऱ्याच कोणाच्या ताब्यात, आणि ती पत्रं एका लपवलेल्या फोल्डरमध्ये बाहेरून आणून ठेवलेली. त्या फायली त्या मशीनवर कधी उघडल्याची खूणदेखील नाही. ज्या आवृत्तीच्या वर्डमध्ये काही पत्रं तयार झाली ती आवृत्ती त्या मशीनमध्ये नव्हतीच! नागपूरचे वकील सुरेंद्र गडलिंग, दलित-आदिवासींचे खटले लढवणारा माणूस, त्यांच्या कॉम्प्युटरबद्दल त्याच वर्षी जुलैत तसाच अहवाल आला. त्याच जुलैच्या ५ तारखेला स्टॅन स्वामी कोठडीत असतानाच वारले. त्यांच्या कॉम्प्युटरमध्येही फायली बाहेरून टाकल्याचा अहवाल आला तो डिसेंबर २०२२ मध्ये, मेलेल्या माणसासाठी. तपास यंत्रणेने हे अहवाल मानलेले नाहीत. ते कोर्टात व्हायचं ते होईल.

मी तो अहवाल छापून घेतला आणि रात्री दोनपर्यंत वाचला. आणि कळला मला! ओळ न् ओळ कळली. कुठली प्रोसेस कधी सुरू झाली, कुठली फाइल कोणत्या सेकंदाला उतरली, सगळं. त्याआधी वर्षभर मी प्रॅक्टिकलला हेच रटाळ म्हणून झोपत होतो. मोर्चे आपण काढले, पोस्टर आपण रंगवली, निषेधाच्या सह्या आपण गोळा केल्या. पण तुरुंगातल्या माणसाच्या बाजूने "ही फाइल त्याने लिहिलेली नाही" हे पुराव्यानिशी सांगायला समुद्रापलीकडची कंपनी लागली. राग यायचा तर आधी स्वतःचा आला. आनंद तेलतुंबडे यांची डॉक्टरेट सायबरनेटिक्समधली, गोव्याच्या व्यवस्थापन संस्थेत ते डेटा अॅनालिटिक्स शिकवत होते. २०१९ मध्ये व्हॉट्सअॅपमधून पेगॅसस घुसवल्याचं प्रकरण फुटलं तेव्हा फोनला लक्ष्य केल्याची सूचना ज्यांना आली त्यांत तेही होते. १४ एप्रिल २०२० ला, बाबासाहेबांच्या जयंतीला, ते तपास यंत्रणेच्या स्वाधीन झाले. हा विषय कळणारा माणूस आपल्यात होता. मोजून किती होते आणि आहेत, हा प्रश्न आहे.

जाता जाता कामाची गोष्ट. १ जुलै २०२४ पासून जुना साक्षी कायदा जाऊन नवा भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला. त्याच्या कलम ६३ प्रमाणे डिजिटल पुराव्यासोबत जो दाखला लागतो त्यात हॅश व्हॅल्यू लिहायची असते. हॅश म्हणजे फाइलचा ठसा. एक स्वल्पविराम बदलला तरी ठसा सगळा बदलतो. उद्या कोणाचा फोन, लॅपटॉप जप्त झाला तर पंचनाम्याच्या वेळीच हॅश मागा, लिहून घ्या. वकील मित्रांनी हे पाठ करावं.

पेणची आमची एक मैत्रीण आहे. आई गणपतीच्या कारखान्यात रंगकाम करते, सीझनला डोळ्यांची आखणीही. पोरीने बी.एस्सी. कॉम्प्युटर पहिल्या वर्गात केलं, एम.एस्सी.ला नंबर लागला. जातीचा दाखला आहे, व्हॅलिडिटी आहे, उत्पन्न अडीच लाखांच्या खूप आत आहे, म्हणजे भारत सरकारची पोस्ट मॅट्रिक शिष्यवृत्ती हक्काची. २०२० च्या डिसेंबरात केंद्राने ठरवलं की खर्चातला ६० टक्के वाटा त्याचा, आणि पैसे थेट विद्यार्थ्याच्या खात्यात. कागद फक्कड. कॉलेजच्या खिडकीवर मात्र क्लार्क म्हणतो, आधी फी भरा, शिष्यवृत्ती आली की बघू. अर्ज कुठं अडलाय विचारलं तर स्क्रीनवर दिसतं, कॉलेजच्या लॉगिनला प्रलंबित. कॉलेजचं लॉगिन म्हणजे त्याच क्लार्कसमोरचं मशीन! तो एक बटण दाबत नाही, बस्स. सहा आठवडे तिने खेपा घातल्या. पेण-मुंबई, मुंबई-पेण. अॅक्सेस कंट्रोलवर ती थीसिस लिहू शकेल, पण तिला आधी वर्गात तर बसू द्या.

आणि बसू दिलं की पुढचं सुरू. मला पहिल्याच आठवड्यात लॅबमध्ये विचारलं, "गेटला रँक किती?" सरळ प्रश्न वाटतो, नाही? आडनावावरून नक्की होत नसलं की हा प्रश्न येतो. रँक सांगितला की समोरच्याच्या चेहऱ्यावर हिशोब उमटतो, आणि दुसऱ्या दिवसापासून प्रोजेक्टच्या ग्रुपात जागा नसते. एक सर मला "तुम्ही लोक" म्हणत आणि मग घाईने "म्हणजे कोकणातले" अशी पुस्ती जोडत. १२ फेब्रुवारी २०२३ ला आयआयटी मुंबईत दर्शन सोळंकी गेला, पहिल्या वर्षाचा पोरगा. आम्ही त्या रात्री हॉस्टेलच्या गच्चीवर बसलो होतो, कोणी काही बोललं नाही. परदेशात गेलं की सुटतं म्हणणाऱ्यांसाठी सिस्को कंपनीचं प्रकरण आहे. ३० जून २०२० ला कॅलिफोर्निया सरकारच्या खात्याने दावा लावला. आयआयटीत एकत्र शिकलेल्या सवर्ण वरिष्ठाने दलित इंजिनिअरची जात ऑफिसात सांगितली, तक्रार केली तर कामावर डूख धरला, असा आरोप. २०२३ मध्ये त्या दोन व्यवस्थापकांवरचा दावा मागं घेतला गेला, कंपनीवरचा ठेवला. नेटवर्कची यंत्रं जगाला विकणारी कंपनी. जातीचं पाकीट तिच्या नेटवर्कवरूनही बिनबोभाट पोचलं, एवढाच त्या तक्रारीचा अर्थ.

काही मित्र म्हणतात, हे सगळं करिअर आहे, चळवळीच्या नावाने पॅकेज मिळवायचा धंदा. शिकणार, बंगलोरला जाणार, तिथून अमेरिका, १४ एप्रिलला स्टेटस ठेवणार. हा आरोप मी उडवून लावत नाही. मला गेल्या महिन्यात एका कंपनीचं पत्र आलंय. त्यातला आकडा घरी सांगितला तर बाप घाबरला, म्हणाला काही दोन नंबरचं तर नाही ना? मी त्या पत्राला अजून नाही म्हटलेलं नाही. हे इथं लिहून ठेवतो, कारण उद्या गेलो तर कोणी म्हणू नये की लपवलं. पण आरोप करणाऱ्यांना एक आठवण देतो. बाबासाहेब लंडनला गेले तेव्हा त्यांनी विषय कोणता घेतला? रुपया. १९२३ चा त्यांचा प्रबंध रुपयाच्या प्रश्नावर आहे. साम्राज्य ज्या यंत्राने चालत होतं त्याच्या पोटात हात घातला त्यांनी. आणि १९२५ मध्ये हिल्टन यंग आयोगापुढं साक्ष दिली ती त्या हुकमतीने. पाणी मागायच्या आधीच या माणसाने चलन समजून घेतलेलं होतं. महाड त्यानंतरचं. आजचं चलन कशावर चालतं? रेशन, पगार, मतदार यादी, पोलिसांचं दप्तर, सगळं कोडमध्ये गेलं. तिथं आपली पोरं नसतील तर ठराव कितीही होऊ देत.

आणि हे इंग्रजीतच आहे, याचं रडगाणं नको. साठच्या दशकात मुंबईच्या पोरांनी सायक्लोस्टाइल मशीनवर मासिकं काढली, तेव्हा ते मशीन तरी मराठीत कुठं होतं? स्टेन्सिल कापायला शिकले, हात शाईने काळे केले, आणि मग त्यातून काय बाहेर पडलं ते तुम्ही जाणता. हा अंक सेकंडहँड लॅपटॉपवर लागलाय, त्याची स्क्रीन मधूनच हिरवी होते. मुद्रितशोधनाच्या चुका त्या हिरव्या पट्ट्यात गेल्या असं समजा.

तेव्हा असं ठरलंय. दर महिन्याचा दुसरा रविवार रोह्याला आणि चौथा पेणला, दोन्हीकडं विहारात, सकाळी दहा ते एक, गेटचे जुने पेपर सोडवायचे. पहिले तीन महिने फक्त गणित. पळून जाणाऱ्यांनी आधीच पळावं. लोणेऱ्याच्या पोरांशी बोलणं चाललंय, त्यांच्यातली दोघं यायला तयार आहेत. परीक्षेच्या फॉर्मला अनुसूचित जाती-जमातींना फी कमी लागते, तीही ज्याच्याकडं नसेल त्याने लाजू नये. ज्यांना दोन वर्षं जमणार नाहीत त्यांच्यासाठी पुण्याच्या सी-डॅकचा सुरक्षेवरचा पदव्युत्तर डिप्लोमा आहे, मुंबईच्या शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्थेचाही डिजिटल तपासावरचा आहे. माहिती विहारात लावू.

दुपारी तीननंतर मोठ्या माणसांचा वर्ग. फोन घेऊन या, चार्जर घेऊन या. आधारचा अंगठा फोनवरून कुलूपबंद करता येतो, लागेल तेव्हा उघडता येतो, ते प्रत्येकाचं करून द्यायचं. पैसे गेले तर लगेच १९३० ला फोन करायचा, चार दिवसांनी नाही, हे भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहायचं. अक्षर वाचता न येणाऱ्यांसाठी आकडे पुरतात. मावशीने यायचं कबूल केलंय. अट एकच घातली, की वर्ग नळाला पाणी यायच्या आत सुटला पाहिजे.

पेणच्या मैत्रिणीची फी भरायची मुदत या महिन्याच्या २५ तारखेपर्यंत आहे. निम्मे पैसे जमलेत. देणाऱ्यांनी रोख द्यावेत आणि पावती घेतल्याशिवाय जाऊ नये. मला देताना तर अजिबात नाही.

जय भीम.